आमचे साडू आणि ‘नोंद नाही’

‘माहीत नाही’ हे दोन शब्द अचूक उच्चारायला माणसाला किती वर्षे लागतात, या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला. घाईत असलेल्या वाचकांच्या सोयीसाठी उत्तर आधीच देतो: चौतीस वर्षे. पुढचा मजकूर ही केवळ त्या उत्तराची रीत आहे. परंतु गुण रीतीला असतात, हे मी फळ्यासमोर उभा राहून आयुष्यभर सांगत आलो असल्यामुळे ती गाळणे मला जमणार नाही. माझे विधान असे की, मंडणगडापासून राजापुरापर्यंत पसरलेल्या या संपूर्ण जिल्ह्यात आमच्या साडूंइतक्या स्वच्छपणे न जाणणारा दुसरा मनुष्य नाही. तुम्हा-आम्हाला जे माहीत नसते तेही आपल्याला थोडेथोडे माहीत असते. आपण ‘बहुतेक’ म्हणतो, ‘असेल की’ म्हणतो, पत्ता विचारणाऱ्याला हात लांब करून एखादी दिशा तरी दाखवतो. साडूंचा हात अशा वेळी खिशात असतो.

साडू म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते चौतीस वर्षे रत्नागिरीच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसले. त्या खिडकीची जाळी इतकी बारीक होती की प्रवाशाला आतला संपूर्ण मनुष्य कधी दिसत नसे. एक चष्मा, एक वही आणि एक आवाज एवढाच ऐवज दिसे. साडूंच्या मते खिडकीला तेवढेच लागते. “देवरूख गाडी कधी?” असे कोणी विचारले की आतून आवाज येई, “जाणारी की येणारी?” “जाणारी.” “आजची?” “अहो, आजचीच! उद्याची कशाला विचारू?” “उद्याची विचारणारेही येतात. आजची, जाणारी, देवरूख, चार वाजून दहा मिनिटे, फलाट तीन.” प्रश्न पुरा झाल्याशिवाय त्यांनी उत्तर दिले नाही आणि उत्तर दिल्यावर त्यावर एक शब्द चढवला नाही. गाडीला उशीर झाला तर लोक विचारीत, “कधी येईल हो?” त्यावर ते म्हणत, “सुटल्याची नोंद आहे. कधी येईल याची नोंद गाडी आल्यावर होते.” हे वाक्य तर्काच्या दृष्टीने निर्दोष आहे. मात्र ऊन डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तर्क फारसा थंड वाटत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

नाटे गावच्या एका मासेवालीची आणि त्यांची जुगलबंदी तर स्टँडवर ठरलेलीच असे. ती पाटी खाली ठेवून दर दोन मिनिटांनी खिडकीशी येई. “नाट्याची गाडी लागली काय ओ?” “नाही.” “आता लागली?” “नाही.” सातव्या वेळी साडूंनी पेन खाली ठेवले आणि अत्यंत सौम्यपणे सांगितले, “बाई, गाडी लागली की ती माझ्याआधी तुम्हाला दिसेल. तुम्ही फलाटावर उभ्या आहात, मी भिंतीमागे बसलेला आहे.” “मग तुमाला सरकारान हितं बशिवलाय कशाला?” ती कडाडली, “माजा बरफ वितळतोय हितं! येल, आता येल, असा एक गोड शबुद बोलाया काय जीभ झिजते मेल्याची?” साडूंनी वहीत पाहिले आणि सांगितले, “राजापूरहून सुटल्याची नोंद नाही.” ती पाटी उचलून निघून गेली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खिडकीशी आली. वास्तविक शेजारच्या पानवाल्याला विचारले असते तर त्याने तिला तत्काळ गोड शब्द दिला असता. ती तिकडे का जात नसे, या गोष्टीचा मी पुढे पुष्कळ विचार केला.

खिडकीतली ही शिस्त घरीही तशीच येई. साडूंच्या लग्नाच्या वेळचा प्रसंग मी तीन स्वतंत्र साक्षीदारांकडून ऐकला आहे आणि तिघांचेही शब्द जुळतात. मुलगी दाखवून झाल्यावर माझ्या भावी सासऱ्यांनी विचारले, “मग, पसंत आहे ना मुलगी?” साडू म्हणाले, “कोणाला?” मग त्यांनीच खुलासा केला, “म्हणजे, मला आहे. आईचे अद्याप कळलेले नाही. काकांना विचारलेले नाही.” आतून हसण्याचा आवाज आला तो माझ्या मेहुणीचा, आणि लग्न त्याच आवाजाने ठरले असे मेहुणी आजही सांगते. संसारात मात्र तिने बरेच सोसले आहे. “आमटीत मीठ बरोबर आहे का हो?” असे विचारल्यास तिला “आमटीपर्यंत मी अजून पोचलेलो नाही” असे उत्तर मिळते. शेजारचे वृद्ध गृहस्थ आजारी असताना कोणी त्यांची चौकशी केली की साडू म्हणत, “काल संध्याकाळी सहापर्यंत बरे होते.” ऐकणारा ते गृहस्थ गेलेच असे धरून चाले. दोनदा तर लोक टॉवेल खांद्यावर टाकून शेजाऱ्यांच्या दारात उभे राहिले, आणि ते गृहस्थ ओटीवर बसून पेज पीत असल्याचे पाहून ओशाळून परतले. साडूंना त्यात स्वतःची काहीच चूक दिसली नाही. “सहानंतर मी तिकडे गेलो नव्हतो,” एवढेच ते म्हणाले.

लिहिण्याचीही त्यांना अतोनात हौस. त्यांच्या घरातील प्रत्येक उपकरणाशेजारी एक सूचनापत्र चिकटवलेले असते. विहिरीवरच्या पंपाचे सूचनापत्र मी माझ्या विद्यार्थ्यांना कित्येक वर्षे लेखनाचा आदर्श नमुना म्हणून दाखवीत असे. त्याचे पहिले वाक्य असे होते: ‘पंप सुरू करण्यापूर्वी पंप आधीच सुरू नाही ना, हे पाहावे.’ वर्गात मुले हसत. पण ज्याच्या घरी आधीच सुरू असलेला पंप कोणी घाईने ‘सुरू’ केला आणि त्यामुळे तो बंद पडून टाकी रिकामी राहिली आहे, असा मनुष्य या वाक्याला हसत नाही.

आता मूळ विषयाकडे वळतो. साडूंची कन्या मुग्धा हिने आणि तिच्या देवरूखच्या एका मैत्रिणीने मिळून दोन वर्षांपूर्वी एक उद्योग सुरू केला. ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडे सावकाश सांगतो. हल्ली पुष्कळ कार्यालयांत आलेली पत्रे वाचणे, उत्तरे लिहिणे, पत्रातल्या लिंका उघडून माहिती काढणे ही कामे एक प्रकारचे सॉफ्टवेअर स्वतःहून करते. त्याला एआय एजंट म्हणतात. (हे प्रथम ऐकल्यावर मेहुणी म्हणाली होती, “एजंट म्हटला की मी दार लावून घेते गो.”) हा एजंट आज्ञाधारक असतो, कष्टाळू असतो, परंतु त्याला भीती नसते. कोणीतरी फसवी लिंक पाठवली तर तो ती तितक्याच उत्साहाने उघडतो आणि कार्यालयाच्या सगळ्या किल्ल्या चोराच्या हाती जातात. म्हणून मुग्धाच्या मैत्रिणीने एक साधन तयार केले. लिंक उघडण्यापूर्वी एजंटने या साधनाला विचारायचे: हा पत्ता धोक्याच्या याद्यांत आहे का? साधन जगभरच्या याद्या चाळून क्षणात उत्तर देते. यंत्र मैत्रिणीचे आणि शब्द मुग्धाचे, अशी त्यांची वाटणी होती. साधन कधी वापरावे, काय विचारावे, उत्तराचा अर्थ काय घ्यावा, हे लिहून देणे हे मुग्धाचे काम. या लेखनाचे वैशिष्ट्य असे की ते माणसाबरोबर एजंटही वाचतो आणि जसे लिहिले असेल तसेच वागतो. वाक्य ढिले असले की वागणे ढिले होते. असा वाचक मला पस्तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही भेटला नाही.

मुग्धा पडवीत बसून काम करी आणि साडू पलीकडे कुळीथ निवडत. एके दिवशी ती वैतागून म्हणाली, “बाबा, हा एजंट वेडा आहे. एकाच पत्त्याबद्दल चाळीस वेळा विचारतोय. उत्तर तेच येतंय, तरी पुन्हा विचारतोय!”

साडूंनी सूप खाली ठेवले. “नाट्याची गाडी,” ते म्हणाले.

“काय?”

“त्याला सांग, उत्तर बदलेल या आशेने पुन्हा विचारू नये. नवी माहिती किती वेळाने येते तुमच्याकडे?”

“तासाने.”

“मग तसे लिही. ‘उत्तर तासभर ग्राह्य धरावे. तासाच्या आत तोच प्रश्न विचारू नये.’ आणखी काय करतो तो?”

मुग्धाने सांगितले की कधीकधी तो अर्धाच पत्ता पाठवतो. साडूंचा चेहरा उजळला. अर्ध्या प्रश्नांशी त्यांचा चौतीस वर्षांचा परिचय होता. तिने पुढे सांगितले की कधी तो लिंक आधी उघडून पाहतो आणि मग ती धोकादायक आहे का असे विचारतो. “गाडीत बसून, तिकीट काढून, हातखंबा ओलांडल्यावर ‘ही गाडी कुठची’ असे विचारणारे लोक मी पाहिले आहेत,” साडू म्हणाले, “लिही: ‘आधी विचारावे, मग जावे. पाहून येऊन विचारू नये.’” कधी तो आलेले सबंध पत्रच, ग्राहकाच्या नावागावासकट, साधनाकडे पाठवून देई. यावर साडू गंभीर झाले. “खिडकीत लोक सामान ठेवून जायचे. मी ठेवू देत नसे. चौकशीला फक्त गाडीचे नाव लागते, तुमची ट्रंक लागत नाही. लिही: ‘केवळ पत्ता द्यावा. कोणाचेही खासगी काही देऊ नये.’”

अशा रीतीने निवृत्तीनंतर सात वर्षांनी साडूंच्या हातात पुन्हा खिडकी आली. फरक इतकाच की आता समोर प्रवासी नव्हते. मुग्धाला इंग्रजीबरोबर मराठी माहितीपुस्तिकाही हवी होती, कारण तिचे संभाव्य ग्राहक याच भागातले होते. म्हणून मराठी तपासण्यासाठी मला बोलावले गेले. मी लाल पेन घेऊन गेलो आणि ते कोरडेच परत आणले. मी एके ठिकाणी ‘शक्यतो’ असा शब्द घातला तर साडू म्हणाले, “मास्तर, शक्यतो म्हणजे किती?” मी ‘सामान्यतः’ सुचवले. “सामान्य नसेल तेव्हा काय करायचे ते खाली लिहिणार असाल तर घाला.” मी घातले नाही. एका परिच्छेदाच्या शेवटी वाचकाला थोडा दिलासा मिळावा म्हणून एक वळणदार वाक्य जोडले होते. साडूंनी ते दोनदा वाचले आणि विचारले, “हे वाक्य कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे?” मी ते खोडले. त्या दिवशी मला माझ्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांची मनोमन क्षमा मागावीशी वाटली.

हे साधन तीन उत्तरे देत असे: ‘धोकादायक’, ‘संशयास्पद’ आणि ‘नोंद नाही’. पहिल्या दोहोंविषयी वाद नव्हता. तिसऱ्या उत्तराचा खुलासा साडूंनी स्वतः लिहिला आणि त्याला सहा दिवस घेतले. तो असा: ‘नोंद नाही, याचा अर्थ पत्ता सुरक्षित आहे असा नाही. पत्ता धोकादायक आहे असाही नाही. याचा अर्थ एवढाच की आजपर्यंत तो आमच्या कोणत्याही यादीत आलेला नाही. अशा वेळी स्वतः पुढे जाऊ नये. ज्याच्यासाठी काम करीत आहात त्या माणसाला विचारावे.’

याच परिच्छेदाने घोटाळा केला. मुग्धाने घरी शब्द दिला होता की दोन वर्षांत एक तरी मोठा ग्राहक मिळाला नाही तर ती पुण्याला नोकरी धरील. दोन वर्षे संपत आली होती आणि एकच ग्राहक दृष्टिपथात होता: आंबा बागायतदारांची एक संस्था. (संस्थेचे नाव देत नाही, देण्याची गरजही नाही.) त्यांच्या कार्यालयात एजंट पत्रव्यवहार करी आणि हंगामात शेकडो पत्रे येत. संस्थेच्या सचिवांनी फोनवर सुचवले होते की तीन उत्तरांचा घोळ नको. धोका असेल तर तांबडा दिवा, नसेल तर हिरवा दिवा आणि पुढे ‘सुरक्षित’ एवढा शब्द. सभासदांना तेवढेच कळते. प्रात्यक्षिक आठ दिवसांवर होते.

मेहुणीने मला बाजूला घेतले. “भावोजी, तुम्ही सांगा ना त्यांना. पोर गेली तर ह्यांनाच करमायचं नाही. सकाळी ती उठली का ते तीनदा बघून येतात. एक शब्द तर बदलायचाय.” मी साडूंशी बोललो. शाळामास्तराला शोभेल अशा क्रमाने बोललो. व्यवहार, काळ, कन्येचे हित, सगळे मुद्दे मांडले. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “मुग्धाने इथे राहावे असे मला वाटते, याची नोंद तुम्ही घ्या. पण तो शब्द मी लिहिणार नाही.” आणि उठून पाणी तापवायला गेले.

मग मेहुणीने सुस्कारा टाकून एक जुनी गोष्ट सांगितली. ती साडूंनी कधीच सांगितली नसती, कारण त्यांना ती कोणी विचारली नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी देवरूखपलीकडच्या एका वाडीतली म्हातारी दवाखान्याच्या कामासाठी रत्नागिरीत आली होती. मुलगा मुंबईहून येणार, त्याला घेऊन ती गावी जाणार. दुपारपासून ती खिडकीशी येऊन विचारीत होती, “म्हमईची गाडी येल ना रं बाबा? माजा पोरगा हाय त्यात.” गाडी सुटल्याची नोंद होती, पण मुलगा तिच्यात बसल्याची नोंद खिडकीकडे कुठून असणार? साडू तेव्हा तरुण होते. म्हातारीचा चेहरा पाहून ते म्हणाले, “येईल हो आजी, येईल. तुम्ही बसा.” ती बसली. तिच्या डोळ्यांसमोर देवरूखची शेवटची गाडी लागली, भरली आणि सुटली; ती उठली नाही, कारण खिडकीने ‘बसा’ म्हटले होते. मुंबईची गाडी आली आणि तिच्यातून मुलगा उतरला नाही. साडू तिला घरी घेऊन आले. मेहुणीने तिला जेवू घातले. सकाळी पहिल्या गाडीने साडू स्वतः तिला पोचवायला गेले, तर मुलगा आदल्या दिवशीच संगमेश्वरला उतरून परस्पर घरी पोचलेला आणि आईला शोधत गावभर फिरलेला. म्हातारी रागावली नाही. निघताना साडूंच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, “तुजी चूक नाय बाबा. तू बरा बोललास. पन खिडकीतला मानूस बरा बोलला ना, की आमाला वाटतंय त्याला ठावं हाय.”

“नेमकं विचारायची खोड आधीचीच. पण गोड शब्द तेव्हापासून बंद,” मेहुणी म्हणाली. नाट्याची ती मासेवाली पानवाल्याकडे का जात नसे, हे मला त्या दिवशी कळले. गोड शब्द तिला हवा होता. पण विसंबायला तिला खिडकीच लागत होती.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी संस्थेच्या सभागृहात तीसेक सभासद जमले होते. साडू शेवटच्या रांगेत, मांडीवर माहितीपुस्तिका ठेवून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे बसले होते. मुग्धाने सुंदर समजावून सांगितले. मग सचिव म्हणाले, “आता आम्ही देतो ती लिंक तपासा बघू,” आणि त्यांनी एक पत्ता दिला. पडद्यावर एजंटने साधनाला विचारले. साधनाने उत्तर दिले, ‘नोंद नाही’. आणि एजंटने पुस्तिकेत लिहिल्याबरहुकूम सचिवांना पत्र लिहिले: ‘या पत्त्याविषयी माझ्याकडे नोंद नाही. तो धोकादायक आहे असे मी म्हणत नाही. सुरक्षित आहे असेही म्हणत नाही. आपण या पत्त्याला ओळखता का?’

सभागृहात एकच हशा उसळला. तो पत्ता संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळाचा होता. ते चारच दिवसांपूर्वी सुरू झाले होते आणि जगातल्या कोणत्याही यादीने अद्याप त्याची दखल घेतली नव्हती. पुढच्या रांगेतून एक सभासद ओरडले, “सचिवांना त्यांच्याच घराच्या दारात विचारतो, कोण पायजे म्हणून!” दुसरे म्हणाले, “बरोबर विचारतो तो! गेल्या सभेला मीपण त्यांना ओळखलं नव्हतं.” सचिव मात्र हसले नाहीत.

“हे बघ मुग्धा,” ते म्हणाले, “काम झकास आहे. आजच्या आज ठराव करतो. फक्त ते ‘नोंद नाही’ काढ आणि हिरवा दिवा लाव. ‘सुरक्षित’. एक शब्द. आमची साइट सुरक्षित आहे की नाही? मग?”

मुग्धाने मागे वळून शेवटच्या रांगेकडे पाहिले. साडूंनी तिच्याकडे पाहिले नाही. ते पुस्तिकेचे पान पाहत होते आणि त्यांचा अंगठा कागदाच्या कडेवरून एकसारखा वरखाली फिरत होता. एक शब्द बोलले असते तर मुलगी घरी राहिली असती. ते बोलले नाहीत, आणि गप्प राहणेही त्यांना किती जड गेले ते मी शेजारी बसून पाहिले.

“सर,” मुग्धा म्हणाली, “तुमची साइट चांगलीच आहे. पण चार दिवसांपूर्वी कोणा चोराने साइट काढली असती, तर तिच्याबद्दलही साधनाने हेच उत्तर दिलं असतं. दोन्ही यादीत नाहीत. एकीला सुरक्षित म्हटलं की दुसरीलाही म्हणावं लागेल.”

“मग पुढच्या हंगामाला बघू,” सचिव म्हणाले, आणि चहा सांगितला.

परतताना आम्ही तिघे माळनाक्यापर्यंत चालत आलो. तिथे रस्ता ओलांडायला थांबलो असताना साडू एकाएकी म्हणाले, “तू बरोबर बोललीस.” मी चपापून त्यांच्याकडे पाहिले. तिने काही विचारलेले नव्हते. माझ्या माहितीप्रमाणे, न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर साडूंनी त्या चौतीस वर्षांत किंवा त्यानंतर दिलेले हे एकमेव उदाहरण होय. मुग्धाने त्यांचा हात धरला आणि रस्ता मोकळा झाल्यावरही आम्ही बराच वेळ तिथेच उभे होतो.

पुढचे सांगायला मला फारसा आनंद होत नाही, पण रीत पुरी केली पाहिजे. मुग्धाने ती पुस्तिका आधीच सर्वांसाठी खुली ठेवली होती. पुण्याच्या एका कंपनीने ती वाचली आणि तिसऱ्या उत्तराचा परिच्छेद कोणी लिहिला असे विचारले. मुग्धाने खरे ते सांगितले. त्यांनी साधन आणि दोघी मैत्रिणी, दोन्हींना बोलावून घेतले. म्हणजे ज्या परिच्छेदाने मुग्धाचा इथला ग्राहक गेला, त्याच परिच्छेदाने तिला पुण्याला नेले. आणि तो लिहिला होता तिच्या वडिलांनी, सहा दिवस घेऊन. निघताना गाडीच्या खिडकीतून ती म्हणाली, “बाबा, येत जाईन हां मी शनिवारी.” “प्रत्येक की एकाआड एक?” त्यांनी विचारले. ती हसता हसता रडू लागली आणि गाडी सुटली, त्यामुळे तो प्रश्न अपुराच राहिला.

तेव्हापासून साडू दर शनिवारी दुपारी बसस्थानकावर जातात. चौकशीला आता पडदा लागला आहे आणि त्याच्यावर गाड्यांची नावे आपोआप सरकतात. साडू पडद्याकडे पाठ करून, फलाट दिसेल अशा बाकावर बसतात. मेहुणीने सकाळी ‘सहजच’ केलेल्या घावण्यांचा डबा मांडीवर असतो. मुग्धा कधी येते, पुष्कळदा येत नाही. मग डबा तसाच घरी जातो आणि दोघे रात्रीच्या जेवणाला घावणे खातात. मी एकदा म्हटले, “अहो, फोन करून विचारावे ना.” ते म्हणाले, “विचारले की ती ‘येते’ म्हणेल. मग काम असले तरी यायला बघेल.”

गेल्या शनिवारी मी मुद्दाम त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. पुण्याची गाडी यायची होती. मी पुरा प्रश्न विचारला: “आज, पुण्याहून येणाऱ्या गाडीने, मुग्धा येणार आहे का?”

“नोंद नाही,” साडू म्हणाले.

“मग बसलात कशाला?”

त्यांनी डब्याचे झाकण नीट बसले आहे का ते पाहिले. “मास्तर, ते पान तुम्हीच तपासलेत ना?” ते म्हणाले, “नोंद नाही म्हणजे ‘नाही’ नव्हे.”

तेवढ्यात फलाटावर एक गाडी वळली आणि आम्ही दोघेही उठून उभे राहिलो.

या लेखातील माहिती त्या क्षणापर्यंतची आहे. मी ती माझ्या परीने काटेकोर ठेवली आहे. परंतु मी त्यांचा साडू आहे, आणि जवळच्या माणसाविषयी लिहिताना एखादा ‘शक्यतो’ नकळत सुटून गेला असण्याचा संभव आहे. तेव्हा केवळ माझ्या सांगण्यावर विसंबू नये. एखाद्या शनिवारी दुपारी रत्नागिरीच्या बसस्थानकावर जावे, पडद्याकडे पाठ करून कोणी बसले आहे का ते पाहावे, आणि कृपया आपण स्वतः तपासून घ्यावे.